दुरुस्त केलेल्या जगात कोण नसतं?

मी आठवीत असताना सिरियस ब्लॅक मेला. हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक आलं 2003 मध्ये, पण आमच्या तालुक्याच्या गावात माझ्या हाती ते पडेपर्यंत 2010 उजाडलं होतं. बारा वर्षं विनाकारण तुरुंगात काढलेला, हॅरीला घरचं म्हणावं असं उरलेलं एकमेव माणूस, आणि तो एका पडद्यातून पलीकडे पडतो आणि संपतो. प्रेतसुद्धा मिळत नाही. मी दोन दिवस नीट जेवले नाही. आई म्हणाली, "पुस्तकातलं माणूस आहे गं ते." मग मी इंटरनेटवर शोधायला बसले, की याला परत आणायचा काही मार्ग आहे का. मार्ग होता. जगभरातल्या माझ्यासारख्याच चिडलेल्या वाचकांनी तो आधीच शोधून ठेवला होता. कुणीतरी भूतकाळात जायचं आणि त्याला वाचवायचं.

फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं घेऊन वाचकांनी लिहिलेल्या गोष्टी, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यातला कालप्रवासाचा प्रांत मात्र स्वतंत्र आहे आणि त्याची स्वतःची घराणी आहेत. एका घराण्यात युद्ध जिंकून थकलेला, मित्र गमावलेला प्रौढ हॅरी एका सकाळी जागा होतो तो जिन्याखालच्या कपाटात, अकरा वर्षांच्या शरीरात, पुढचं सगळं आठवत असलेला. अशा गोष्टींना फॅन मंडळी 'पेगी सू' म्हणतात. कपोलाचा 1986 सालचा सिनेमा आहे, 'पेगी सू गॉट मॅरीड', त्यातली बाई अशीच आपल्या शाळकरी वयात परत जाते, त्यावरून. दुसऱ्या घराण्यात हर्मायनी सत्तरच्या दशकात पोचते, हॅरीचे आईवडील अजून शाळेत असतात तेव्हा. तिसऱ्यात ती आणखी मागे जाते, लंडनच्या अनाथाश्रमापर्यंत, आणि पुढे व्होल्डेमॉर्ट होणाऱ्या लहानग्या टॉम रिडलला मारायचं की मायेनं वाढवायचं, हा प्रश्न तिच्यापुढे येतो. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांनीच उभारलेलं संग्रहालय 2009 मध्ये खुलं झालं आणि 2019 मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे या सगळ्यांसाठी एक रूढ टॅगच आहे, 'टाइम ट्रॅव्हल फिक्स-इट'. कालप्रवासाने केलेली दुरुस्ती. दुरुस्ती हा शब्द महत्त्वाचा आहे. तिथे लिहिणाऱ्याला भूतकाळाचं कुतूहल फारसं नसतं, त्याला तो नीट करायचा असतो.

गंमत अशी, की मूळ पुस्तकांत याला परवानगी नाही. तिसऱ्या पुस्तकात टाइम-टर्नर नावाचं यंत्र आहे आणि हॅरी-हर्मायनी त्याने तीन तास मागे जातात, पण तिथे ते जे करतात ते आधी घडलेलंच असतं. तळ्यापलीकडे उभा राहून आपल्याला वाचवणारा माणूस आपले वारलेले वडील होते असं हॅरीला वाटतं. नंतर तो तळ्याच्या त्या काठावर उभा राहून वडिलांची वाट बघतो आणि कुणीच येत नाही. मग त्याच्या लक्षात येतं, की तो माणूस म्हणजे आपणच. भूतकाळात काही बदललं नाही, फक्त एक रिकामी जागा होती, ती त्याने भरली. पाचव्या पुस्तकातल्या ज्या लढाईत सिरियस जातो, त्याच लढाईत मंत्रालयातले सगळे टाइम-टर्नर फुटले, असं पुढे कळतं. लेखिकेने दार बंद करून घेतलं. फॅनफिकवाल्यांनी खिडकी उघडली.

मराठी वाचकाला जुन्या पात्रांच्या नव्या गोष्टी परक्या नाहीत. 'ययाती', 'मृत्युंजय', 'युगान्त' वाचून मोठे झालेले लोक आपण. पण एक फरक आहे. शिवाजी सावंत कर्णाच्या मनात शिरतात, त्याची बाजू मांडतात, आणि तरीही सतराव्या दिवशी त्याच्या रथाचं चाक रुततंच. आपल्याकडच्या पुनर्कथनात अर्थ बदलतो, शेवट बदलत नाही. फिक्स-इटवाल्याला कर्णाचं दुःख समजून घेऊन पुरत नाही. त्याला ते चाक काढून द्यायचं असतं.

कितीतरी वर्षं मी या गोष्टी मनसोक्त वाचल्या. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या रात्री, मोबाइलच्या उजेडात. पुढे एक गोष्ट खटकायला लागली, ती टेडीमुळे.

टेडी ल्युपिन युद्धाच्या ऐन मध्यात जन्मलेलं बाळ आहे. त्याचे आईबाप, रीमस आणि टाँक्स, तो काही आठवड्यांचा असताना मरतात. कुठल्याही दुरुस्तीच्या गोष्टीत पहिला मान या दोघांना वाचवण्याचा. पण हॅरी अकराव्या वर्षात परत जाऊन पहिल्या महिन्यातच खलनायकाचा बंदोबस्त करणार असेल, तर पुढची लढाईच होणार नाही, सिरियस मरणार नाही, आणि रीमस-टाँक्स एकमेकांना ज्या धावपळीत भेटले ती धावपळही होणार नाही. भेटले, लग्नही केलं, तरी त्यांना त्याच दिवशी तेच मूल कसं होईल? बहुतेक लेखक इथे हात चलाखीने फिरवतात आणि टेडी ठरल्या वेळी निळे केस घेऊन हजर होतो. काही प्रामाणिक लेखक मात्र थांबतात. त्यांच्या गोष्टीतला हॅरी सगळ्यांना वाचवतो, सगळे जेवणाच्या टेबलाभोवती हसत बसलेले असतात, आणि तो एकटा अशा मुलांची नावं मनात घेतो जी आता कधीच होणार नाहीत. त्यात त्याची स्वतःची तीनही असतात. मुलं मेली नाहीत, त्यामुळे सुतकही नाही.

ही मेख आपल्याकडे जयंत नारळीकरांनी फार आधी दाखवली होती. 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवतं तेव्हा सगळ्यांना विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी आठवते. 14 जानेवारी 1761 ला ती गोळी चुकली, मराठे जिंकले, आणि त्या दुसऱ्या हिंदुस्थानात गंगाधरपंत येऊन पडले. पानिपत हे आपलं सगळ्यात जुनं 'तेवढं झालं नसतं तर'. पण त्या कथेत एक छोटा प्रसंग आहे. मुंबईत उतरल्यावर गंगाधरपंत मुलाच्या कचेरीत जातात आणि त्याची चौकशी करतात. त्या नावाचं इथे कुणी नाही, असं उत्तर येतं. पानिपत जिंकलेल्या जगात त्यांचा मुलगा नाही. कथा तिथे रेंगाळत नाही, पंत ग्रंथालयाकडे निघतात. मी मात्र दर वेळी त्या कचेरीतच अडकते.

त्याचं कारण सांगते.

आमच्या घरात देवघराशेजारी एका मुलाचा फोटो आहे. दोन वर्षांचा, काजळ घातलेला, हातात स्टीलची वाटी. तो माझा दादा. 1995 च्या पावसाळ्यात तो जुलाब-उलट्यांनी गेला. एका रात्रीत आणि अर्ध्या दिवसात. मी जन्मले 1997 मध्ये. म्हणजे मी त्याला पाहिलेलं नाही, आणि आता माझ्या मित्रमैत्रिणींची मुलं त्याच्याहून मोठी आहेत, तरी तो दादाच. भाऊ नसलेल्या मुली भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात, तशी मी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळते. फोटोला ओवाळायचं नाही, असं आईने लहानपणीच बजावलं होतं. का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

पंधरा-सोळा वर्षांची असताना, दिवाळीच्या साफसफाईत तो फोटो पुसता पुसता आई आत्याला म्हणाली, "आमचं तर एकच मूल पुरे असं ठरलं होतं." मी तिथेच होते. तिने ते माझ्याविषयी म्हटलं नव्हतं, त्याच्याविषयी म्हटलं होतं. पण गणित साधं होतं. तो जगला असता तर मी नसते.

डेरेक परफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात हे गणित नीट मांडलं आहे. आपण नेमके आपण असतो, कारण आपले आईबाप नेमके एका वेळी एकत्र आले. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर मूल झालं असतं, पण ते आपण नसतो. रेल्वे आणि मोटारींचा शोध लागला नसता तरी मी जन्मलोच असतो, असं छातीठोकपणे किती जण म्हणू शकतील, असं तो विचारतो. म्हणजे आज जिवंत असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस भूतकाळातल्या असंख्य चांगल्या-वाईट घटनांचं देणं लागतो, आणि त्यात भयानक घटनाही आल्या. माझ्या बाबतीत हे असंख्य वगैरे नाही. एक रात्र आहे.

आणि ती रात्र दुरुस्त करायला फारसं काही लागलंही नसतं. जुलाब होत असताना पाणी दिलं तर ते वाढतात, अशी समजूत होती. त्यामुळे आईने त्याला पाणी तोडलं. खरं तर 1971 मध्येच, बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून लोकांना प्यायला दिलं होतं आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले होते. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस वर्षांत ही माहिती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नव्हती. कालप्रवाशाला तलवार नको, जादूची कांडी नको. एक वाक्य पुरे होतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती गोष्ट लिहायला घेतली. फॅनफिकच म्हणा, पात्रं तेवढी घरची. पावसाची रात्र, दिवे गेलेले, कंदील. एक सत्तावीस वर्षांची बाई दार वाजवते. आत येते, पाणी उकळते, साखर मोजते. बाळाला चमच्या-चमच्याने पाजत बसते. पहाटे ते मूल लघवी करतं आणि ती सुटकेचा श्वास सोडते. इथपर्यंत छान जमलं होतं. मग माझ्या आईने, म्हणजे गोष्टीतल्या चोवीस वर्षांच्या मुलीने, त्या बाईकडे नीट बघून विचारलं, "तुम्ही कोण?"

पुढे काही सुचलं नाही. ती फाइल अजून तशीच आहे.

माझ्या पेशात भूतकाळ बदलायची सोय रोजची आहे. गिट नावाच्या प्रणालीत आमच्या कोडचा सगळा इतिहास नोंदलेला असतो आणि चूक झाली तर ती काढायचे दोन रस्ते असतात. 'रिव्हर्ट' केलं तर जुनी नोंद राहते आणि ती उलटवणारी नवी नोंद पुढे लागते. 'रिसेट' करून 'फोर्स पुश' केलं तर ती नोंद कधी नव्हतीच असा इतिहास सगळ्यांच्या माथी मारता येतो. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात मी माझी एक लाजिरवाणी चूक अशीच पुसली. तिच्यानंतर एका सहकाऱ्याने दोन दिवसांचं काम त्याच फांदीवर चढवलं होतं, तेही त्याबरोबर गेलं. त्याच्या मशीनवर प्रत होती म्हणून वाचले. तो चिडला नाही, एवढंच म्हणाला, "तुझ्या चुकीवर माझं काम उभं होतं गं." तेव्हापासून सामायिक फांदीवर मी इतिहास पुसत नाही.

पण माणसाच्या बाबतीत हे तितकं सरळ नाही. पुसलेल्या कोडचा मालक तक्रार करायला तरी येतो. जन्मच न झालेला माणूस कुठून तक्रार करणार? कुणी म्हणेल, की न जन्मण्याने कुणाचंच नुकसान होत नाही, कारण नुकसान व्हायला आधी कुणीतरी असावं लागतं. म्हणजे दादाला वाचवण्यात माझ्यावर अन्याय नाहीच. त्या रात्री मी कुणीच नव्हते. हा युक्तिवाद मला पटतो, आणि माझ्या अंगावर काटाही येतो. कारण गोष्टीतली कालप्रवासी बाई त्या रात्रीतून आलेली नाही. ती आजमधून निघाली आहे, आणि आजमध्ये मी आहे. हॅरीने टेडीला मांडीवर घेतलेलं आहे. त्याच्यासाठी टेडी म्हणजे 'होऊ शकणारं एखादं मूल' नाही.

'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' या 2016 च्या नाटकात हेच घडतं. हॅरीचा मुलगा आल्बस आणि त्याचा मित्र स्कॉर्पियस, एका निरपराध मुलाचा जीव वाचवायला मागे जातात. परत येतात तर रॉन-हर्मायनीचं लग्नच झालेलं नसतं, त्यांची मुलगी रोझ नसते. पुन्हा प्रयत्न करतात तर हॅरीच वाचलेला नसतो, त्यामुळे आल्बसही नाही. अंधाराने जिंकलेल्या जगात स्कॉर्पियस एकटा उरतो. तिथे स्नेप जिवंत आहे. मूळ जगात आपण मेलेलो आहोत हे त्याला कळतं, आणि तरी तो ते मूळ जग परत आणायला मदत करतो. मला हे पात्र तिथे सगळ्यात मोठं वाटतं. पण त्याचा निर्णय त्या मानाने सोपा होता, कारण तो ज्या जगातून उठून जाणार होता ते जग नरक होतं. माझं जग नरक नाही. मला नोकरी आहे, पुण्यात भाड्याचा फ्लॅट आहे, शनिवारी घरी जाते तेव्हा आई थालीपीठ लावते.

शेवटी गेल्या मार्चमध्ये, ती मेथी निवडत बसलेली असताना, मी तिलाच विचारलं.

"आई, समजा तुला त्या रात्रीत परत जाता आलं..."

"गेले असते."

"पूर्ण ऐकून तरी घे. तो वाचला असता तर मी नसते."

"कळतं मला तेवढं." तिने मान वर केली नाही. "तरी गेले असते. पाणी पाणी करत होता तो. मी वाटी त्याच्यापासून लांब ठेवली होती. तिथे दारात उभं राहून कुणी हिशेब करतं का?"

मला वाटलं होतं मला लागेल. लागलं नाही. तहानलेल्या मुलापुढे उभी राहून पुढच्या मुलाचा विचार करणारी आई मला नकोच होती. पण मी हट्टाने पुढे विचारलं, "आणि आत्ता? मी अशी समोर बसलेली असताना ते यंत्र हातात आलं तर?"

बराच वेळ ती नुसती पानं खुडत राहिली.

"आत्ता नाही लावणार हात," ती म्हणाली. "आणि नाही लावला म्हणून रोज रात्री रडेन. झालं समाधान? ती दुसरी जुडी दे इकडे."

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत मला जे सापडत नव्हतं ते एवढंच होतं, की हे दोन प्रश्न आहेत. 'ते घडायला नको होतं' हे एका जागेवरून म्हटलं जातं, आणि 'ते पुसायचं नाही' हे दुसऱ्या जागेवरून. मी इतकी वर्षं दोन्ही वाक्यं एकाच जागेवर उभी राहून म्हणायचा प्रयत्न करत होते, म्हणून ती एकमेकांना खोटं पाडत होती. दादा जायला नको होता, हे म्हणताना मला माझ्या असण्याची माफी मागायची गरज नाही. आणि मी आहे याचा आनंद मानताना त्या रात्रीला 'जे झालं ते चांगल्यासाठी' असं म्हणायचीही गरज नाही. हे दुसरं वाक्य आमच्या घरी येणाऱ्या पुष्कळ लोकांनी म्हटलं होतं. आई त्यांना चहा द्यायची आणि आत निघून जायची.

ययातीने आपलं तारुण्य परत मिळवलं तेव्हा ते कुठल्या आभाळातून आलं नव्हतं, मुलाच्या अंगातून आलं होतं. गेलेला काळ परत मागणाऱ्याने बिल कुणाच्या नावावर फाडलं जातंय, हे बघायला हवं. फॅनफिक वाचणं मला अजूनही आवडतं, ते त्या बिलामुळेच. तिथे कुणाच्याच नावावर ते फाटत नाही. सिरियस हजारो गोष्टींत जिवंत आहे आणि पाचव्या पुस्तकातलं एक अक्षरही बदललेलं नाही. टेडी आपल्या पानांत सुखरूप आहे. इतिहास पुसलेला नाही, त्याच्या शेजारी एक फांदी फुटली आहे, आणि तिथे जाऊन आपण तासभर त्या वाचलेल्या माणसांजवळ बसून येतो. खरं यंत्र असतं तर हे करता आलं नसतं. यंत्राला एकच फांदी ठेवावी लागते.

पुरे का होतं तेवढं, असं कुणी विचारलं तर नाही, पुरत नाही. मेलेलं माणूस गोष्टीत जगून भागत नाही. आईला तर गोष्टी वाचायचाही कंटाळा.

पण तिचं एक आहे. आमच्या गल्लीत कुणाच्याही लहान मुलाला जुलाब सुरू झाल्याचं कानावर आलं, की ती बोलावणं यायची वाट बघत नाही. तांब्यात पाणी उकळून घेते, साखर-मीठ मोजते, आणि दार वाजवते. गेल्या श्रावणात मी घरी होते. समोरच्या नव्या बिऱ्हाडातलं वर्षाचं मूल होतं, त्याची आई माझ्याहून लहान, घाबरलेली. रात्रीचे साडेअकरा, पाऊस. आई छत्री न घेताच गेली, म्हणून मी छत्री घेऊन मागून गेले. दार उघडलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही?" आईने काही सांगितलं नाही. आत जाऊन खाली बसली, मुलाला मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चमचा आण."